खांब ठोकला होता का?

माझं शेवटचं हिवाळी पोस्टिंग पीर पंजालमध्ये एका मेट पोस्टवर होतं. मेट म्हणजे हवामान. पोस्टचा नंबर सांगत नाही, खालच्या गावाचं नावही सांगत नाही. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, ही सवय सुटत नाही. एवढं पुरे की उंची तेरा हजार फूट आणि खाली स्कीइंगचं गाव. हॉटेलं, तारेवरून माणसांचे डबे वर नेणारी लिफ्ट, लाल-पिवळी जाकिटं घातलेली माणसं. वरून बघितलं की ती रांगोळीच्या ठिपक्यांएवढी दिसायची.

हे माझ्याकडून लिहून मागितलंय. कुणी मागितलं ते शेवटी सांगेन. ज्यांना वाचून दाखवणार त्यांनी कधी बर्फ बघितलेलं नाही, म्हणून सोपं करून सांगतो. मला लिहायची सवय नाही. रजिस्टर तेवढं लिहीत आलो.

पोस्ट म्हणजे फायबरची एक झोपडी, अर्धी बर्फात गाडलेली. माणसं दोन. मी, हवालदार हणमंत साळोखे, आणि सिपाही कांबळे. ठरल्या वेळी बर्फ किती पडलं, तापमान किती, वारा किती, हे लिहायचं आणि रेडिओवर बेस कॅम्पला कळवायचं. त्या आकड्यांवर पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, कुठल्या वाटेनं निघणार ते ठरायचं. तेच आकडे पुढं खालच्या गावात जायचे आणि टुरिस्ट लोकांची वरची लिफ्ट चालणार की बंद, ते ठरायचं.

सिव्हिल माणसाला भीती वाटते बर्फाची. आम्हाला भीती वाऱ्याची. आकाशातून पडलेलं बर्फ सगळीकडं सारखं बसतं. वारा ते डोंगराच्या एका अंगावरून उचलतो आणि दुसऱ्या अंगाला नेऊन थापतो. तिथं जाड थर होतो. सुटलेल्या गिलाव्यासारखा, वरून अखंड आणि मागून पोकळ. ऊन पडलं की तो छान चमकतो. माणसानं पाय ठेवला की अख्खा सुटतो.

बेस कॅम्पवरून आमच्याकडं यायला दोन वाटा होत्या. एक नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, दीड तास कमी. दुसरी डोंगराच्या धारेवरून, लांबची, पण भरवशाची. स्टँडिंग ऑर्डर साफ होती. वारा ताशी वीस किलोमीटरच्या वर असेल तर नाळ बंद, धारेनं या.

वारा मोजायला बाहेर एका खांबावर तीन वाट्या फिरायच्या. तिथून वायर आत डायलपर्यंत. पण त्या थंडीत वाट्यांवर बर्फ गोठतं, वाट्या अडकतात आणि बाहेर तुफान असलं तरी डायल शून्य दाखवतो. म्हणून नियम असा की रीडिंगच्या आधी बाहेर जायचं, काठीनं खांबाला तीन ठोके मारायचे, वाट्या फिरताना डोळ्यांनी बघायच्या आणि मगच आत येऊन डायल वाचायचा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. कांबळेला मीच शिकवलं होतं. वर दम दिला होता, “खांब न ठोकता रीडिंग घेतलंस तर खाली पाठवून देईन, लेका!”

आता नाईक विठ्ठल शेलार. जावळीचा गडी, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. आठवड्यातून एकदा टपाल, बॅटऱ्या आणि रॉकेल घेऊन यायचा तो. पेट्रोल लीडर तोच. रेडिओवर हसायची बंदी असते, याचं हसू मात्र बटण दाबायच्या आधीच सुरू झालेलं असायचं. माणूस चेष्टेखोर, पण कामाला पक्का. नाळ ओलांडताना आधी स्वतः एकटा जायचा. बाकीच्यांना काठावर उभं करायचा आणि पलीकडं पोचला की एकेकाला हात करायचा. कुणी घाई केली तर त्याची काही धडगत नसायची.

त्या खेपेला दोन दिवस सलग बर्फ पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख उघडलं. कांबळे तापानं फणफणला होता, स्लीपिंग बॅगमध्ये पडून. मी सहाला उठून दारापुढचं बर्फ उपसलं, तेव्हा वारा बेताचाच होता. आत आलो तेव्हा बूट ओले गच्च झाले होते. ते काढले आणि बुखारीजवळ वाळत घातले. बुखारी म्हणजे आमची रॉकेलची शेगडी. ती पेटली की असा भुरभुर आवाज करते की बाहेरचं काही ऐकू येत नाही.

०८३० वाजले. रीडिंगची वेळ. ते बूट पुन्हा चढवून बांधायला दहा मिनिटं लागतात. मी मोजे घालून बुखारीपुढं बसलो होतो. मान वर करून डायल बघितला. शून्य.

दोन दिवस वादळ झाल्यावर त्या उंचीवर वारा शून्य असं मी कधी पाहिलं नव्हतं. हे मनात आलंही. खोटं कशाला सांगू? मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं. थंडी होती, कांबळे आजारी होता, मी दमलो होतो. कारणं शोधायला बसलो तर पोतंभर सापडतील. खरं कारण आळस. मी रजिस्टरमध्ये शून्य लिहिलं.

०८५० ला रेडिओचा सेट वाजला.

“मेट, मी शेलार. दादा, नाळ का धार? वारा सांगा. ओव्हर.”

“वारा शून्य. ओव्हर.”

“शून्य? नक्की ना? ओव्हर.”

“नक्की. शून्य. ओव्हर.”

“मग नाळेनं येतो. तुमच्या घरनं भडंगाचं पार्सल आलंय. चहा टाका, नाहीतर वाटेत मीच फस्त करीन. आउट.”

मी चहाला बर्फ वितळत ठेवलं.

०९४० ला सेट पुन्हा वाजला. आवाज शेलारचा नव्हता. त्याच्याबरोबरच्या दोघांपैकी एक पोरगा ओरडत होता. “मेट, मेट! ॲव्हलांच! शेलार दादा आत गेले! दादा दिसत नाहीत!”

“तुम्ही दोघं कुठं?”

“काठावर! दादांनी आम्हाला काठावर थांबवलं होतं!”

मी बूट ओढले. नाडी भोकात जाईना. सकाळी जी दहा मिनिटं वाचवली तीच दहा मिनिटं आता बूट बांधण्यात गेली. ॲव्हलांचमध्ये गाडलेल्या माणसाकडं पंधरा-वीस मिनिटं असतात. मी कांबळेला सेटवर बसवलं आणि दार लोटलं.

वाऱ्यानं मला दारातच मागं ढकललं. शिखरावरून बर्फाचा धूर निघत होता आणि सगळा नाळेच्या बाजूला पडत होता. खांबावरच्या वाट्या पांढऱ्याफटक, जागच्या जागी. मी काठी उचलून खांबाला मारली. एक, दोन, तीन. गोठलेलं बर्फ गळून पडलं आणि वाट्या अशा सुटल्या की दिसेनाशा झाल्या. मी थांबलो नाही, धारेनं खाली पळत सुटलो. पळताना कुणीतरी ओरडतंय असं वाटत होतं. तो मीच ओरडत होतो.

नाळेत लांब गजानं बर्फ टोचत शोधायचं असतं. आम्ही तिघांनी टोचलं, मग बेसवरून टीम आली आणि सगळ्यांनी टोचलं. १३२० ला शेलार सापडला. एक हात तोंडापुढं होता. पाठीवरची सॅक तशीच. टपाल कोरडं होतं आणि भडंगाचं पार्सलही. ते मला देण्यात आलं. मी ते आजतागायत कुणाला दाखवलं नाही, फेकलंही नाही.

चौकशी बसली. साहेबांनी मला तीन प्रश्न विचारले.

“रीडिंग तुम्ही घेतलं?”

“येस सर.”

“पेट्रोल लीडरला कळवलं?”

“येस सर.”

“खांब ठोकला होता का?”

“येस सर.”

झालं. एक खोटा शब्द, तोही इंग्रजीत. मेट पोस्टची चूक नाही, ताजं बर्फ असताना पेट्रोल लीडरनं जवळची वाट धरली, असा निष्कर्ष निघाला. पत्र गावी गेलं. गावात त्याचा अर्थ एकच झाला, शेलारनं घाई केली आणि जीव गमावला. मी नायब सुभेदार होऊन रिटायर झालो. दर वर्षी शेलारच्या घरी फोन करायचो, कुसुमवहिनींची चौकशी करायचो. वहिनी म्हणायच्या, “भावजी, तुम्हीच काय ते विचारता.” फोन ठेवला की मला जेवण जात नसे.

रिटायरमेंटनंतर कतारला, दोहात आलो. फुटबॉलचा वर्ल्डकप जवळ आला होता, शहरभर क्रेनच क्रेन. थुमामाच्या बाजूला एका साइटवर मला लिफ्टिंग सुपरवायझरचं काम मिळालं. टॉवर क्रेनच्या टोकावरही तशाच तीन वाट्या असतात. वारा ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की काम बंद. तिथं बर्फ नाही, पण धूळ आहे, आणि धुळीनंही वाट्या जाम होतात. मी ऑपरेटरला रोज वॉकी-टॉकीवर विचारायचो, “सुखविंदर, नंबर मत बता. आँख से देख के बोल, कप घूम रहे हैं?” तो वैतागायचा. “घूम रहे हैं साब, रोज घूमते हैं!” साइटवर मला ‘कप साब’ म्हणायचे. म्हणोत बापडे.

माझी मुलगी अश्विनी अल सद्दला राहते. जावई केदार गॅस कंपनीत इंजिनियर, नात इरा आठ वर्षांची. मी बिन महमूदला शेअरिंगच्या खोलीत, शुक्रवारी जेवायला त्यांच्याकडं. एका शुक्रवारी केदारनं फोन पुढं केला. हिवाळ्याच्या सुट्टीत ते काश्मीरला निघाले होते, स्कीइंगला. गावाचं नाव ऐकलं आणि माझा घास तोंडातच राहिला. माझ्या पोस्टखालचंच गाव.

“बाबा, हे बघा, स्कीइंगचा स्पेशल फोरकास्ट,” केदार म्हणाला. “दोन दिवस स्नो, तिसऱ्या दिवशी सनी. परफेक्ट! तिसऱ्या दिवशी गाइडबरोबर अगदी टॉपला जाऊन ताज्या बर्फातून खाली यायचं. इरासुद्धा येणार.”

केदार आणि इरा स्कीइंग शिकले दुबईच्या मॉलमध्ये. तिथं बर्फ फ्रीजमध्ये ठेवल्यागत. वारा नाही.

“खाली सरकव,” मी म्हणालो.

“काय?”

“वाऱ्याची ओळ खाली आहे. सरकव.”

सरकवलं. तिसऱ्या दिवशी सूर्याच्या चित्राखाली टॉपचा वारा पन्नास लिहिला होता.

“त्या दिवशी वर जाऊ नका,” मी म्हणालो.

अश्विनी हसली. “बाबा, तुमची बर्फाची भीती काही जात नाही. शेलारकाकांचं झालं ते झालं. त्यांनी शॉर्टकट घेतला होता ना?”

तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात पुन्हा तेच ‘येस सर’ बसलं होतं. मी चपाती मोडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वीसला मी साइटवरून अश्विनीला फोन लावला. तिकडं दहाला दहा मिनिटं कमी. आमची दोहाची सिमकार्डं तिथं चालत नव्हती, तिघांत एकच फोन, केदारच्या वडिलांचा पुण्याचा नंबर. तो अश्विनीकडं. ती स्कीइंग करत नाही, खाली कॅफेत कहवा पीत बसली होती.

“बाबा, काय सुंदर ऊन आहे म्हणून सांगू! ते दोघं लिफ्टच्या रांगेत आहेत. दहाला सुरू होते. आणि उगाच काळजी करू नका, मी तुमच्यासाठी मुद्दाम बघितलं. लिफ्टपाशी बोर्ड आहे, टॉपचा वारा शून्य लिहिलाय.”

मी सिमेंटच्या ब्लॉकवर बसलो.

“शून्य? कधीपासून?”

“तो लिफ्टवाला म्हणाला सकाळपासून शून्यच आहे. का?”

“अश्विनी, त्यांना रांगेतून बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता.”

“बाबा, परत तेच...”

“ऐक! शेलारनं शॉर्टकट घेतला नव्हता. त्यानं मला वारा विचारला होता. दोनदा विचारला. मी शून्य सांगितलं. मी खांब ठोकला नव्हता. वाट्या गोठल्या होत्या आणि मी आत शेकत बसलो होतो. चौकशीत मी खोटं बोललो. त्याला मी मारलं, अश्विनी. तो बोर्डवरचा शून्य तसलाच आहे. माझी इरा त्या रांगेत आहे!”

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

पुन्हा लावला. लागला नाही. पुन्हा लावला, नाही. साइट इंजिनियर माझ्याकडं हात करून ओरडत होता, “यल्ला साळोखे, चला, क्रेनची पहिली लिफ्ट!” माझ्या डोक्यात एकच गोष्ट, दहाला लिफ्ट सुरू होते. सात एकतीस झाले, म्हणजे तिकडं दहा वाजले, सुरू झाली. सात चाळीस झाले, म्हणजे पहिला डबा वर पोचला. मला तो उतार दगडन् दगड माहीत आहे. डोळे मिटले की इराची गुलाबी टोपी त्याच्यावर दिसायची, उघडले की समोर वाळू. आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो, गोळीबारातही नाही. सुखविंदरनं वरून विचारलं, “साब, आज पूछोगे नहीं? कप घूम रहे हैं.”

आठ वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

“आहेत,” अश्विनी म्हणाली. तिला धाप लागली होती. “दोघं माझ्याजवळ आहेत. दोन माणसांवर नंबर होता त्यांचा. मी इराला ओढून काढलं, रडतेय ती. केदार चिडलाय.”

मागून इराचं रडं ऐकू येत होतं. “बट आजोबा, इट्स सो सनी!” ते रडं मला एवढं गोड कधी लागलं नव्हतं.

“आणि बाबा, मी त्या लिफ्टवाल्याला सोडलं नाही. म्हटलं, वर तुझा माणूस आहे ना? वायरलेसवर सांग त्याला, बाहेर जाऊन खांब ठोक. तो हसला. मी फाटकातच उभी राहिले. म्हटलं, ठोकल्याशिवाय एक डबा सुटू देणार नाही. पाऊण तास होत आला, लोक मला नाही नाही ते बोलतायत.” तिकडं वायरलेस खरखरला. “आत्ता वरून उत्तर आलं. बोर्ड पुसतोय तो. चव्वेचाळीस लिहितोय.”

वरची लिफ्ट त्या दिवशी सुरूच झाली नाही. उतारावरून काही कोसळलं नाही. कुणी गेलंच नाही, तर कोसळणार कुणामुळं? इरा हॉटेलमागच्या टेकाडावर घसरत बसली.

ते परत आले त्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर अश्विनीनं भांडी घासायला घेतली आणि पाठमोरीच म्हणाली, “बाबा, शेलारकाकूंना कधी सांगणार?”

मी म्हणालो, “आता इतक्या वर्षांनी...”

“मी विचारलं, कधी?”

सुट्टी घेतली आणि जावळीला गेलो. फोनवर बोलायची गोष्ट नव्हती. वहिनी पडवीत शेंगा फोडत होत्या. मी चहा नको म्हणालो. उभं राहून सगळं सांगितलं, रिपोर्ट देतात तसं. वेळेसकट.

वहिनींचे हात थांबले. “म्हणजे ह्यांनी विचारलं होतं?”

“दोनदा विचारलं होतं.”

“घाई नव्हती केली?”

“नाही, वहिनी. त्यानं काहीच चुकवलं नाही.”

त्यांनी आत हाक मारली. “महेश, बाहेर ये. बस इथं. भावजी, परत सांगा.”

महेश शेलारचा मुलगा. बाप गेला तेव्हा पाच वर्षांचा होता. बापाचं नाव निघालं की उठून जातो, असं वहिनी फोनवर सांगायच्या. मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. तो उठला नाही. सगळं झाल्यावर म्हणाला, “बाबा बर्फाखाली होते आणि तुम्ही बूट बांधत होता.”

“हो.”

“निघा तुम्ही.”

मी निघालो. वहिनींनी मला थांबवलं नाही. मला माफी मिळाली नाही, आणि मागायला मी गेलोही नव्हतो. फाटकापर्यंत पोचलो तेव्हा मागून वहिनींचा आवाज आला. “भावजी, हे लिहून द्या. सही करून. आमच्या गावात दर वर्षी ह्यांच्या दिवशी लोक जमतात, तेव्हा मी वाचून दाखवीन.”

म्हणून हे लिहिलं. जावळीकर मंडळी, आता जे ऐकाल ते नीट ऐका.

नाईक विठ्ठल शेलार यांनी ०८५० ला वारा विचारला. उत्तर पटलं नाही म्हणून पुन्हा विचारला. नाळेपाशी आपल्या दोन माणसांना काठावर थांबवलं आणि आधी स्वतः पाऊल टाकलं. ती दोन्ही माणसं आज जिवंत आहेत.

खांब ठोकला होता का? नो सर. नव्हता.

नायब सुभेदार हणमंत साळोखे, निवृत्त.